घोडनदीची कबर आणि दौंडचे यार्ड

कर्नल विल्यम वॉलेस 1809 साली शिरूरच्या छावणीत वारला. हा अधिकारी इंग्रजांच्या 74 व्या पलटणीचा. 1803 मध्ये असईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीबरोबर लढला आणि पुढे पेशव्यांच्या मुलखात ठेवलेल्या तैनाती फौजेची कमान त्याच्याकडे आली. अशा परक्या सेनाधिकाऱ्याच्या कबरीकडे एरवी कोणी फिरकत नाही. शिरूरमध्ये वेगळेच घडले. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे या कबरीला मानू लागली. सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य घेऊन येऊ लागली. वॉलेसला जाऊन पाऊणशे वर्षे होत आली तरी हा परिपाठ मोडला नव्हता. 1885 साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने त्याची नोंद केली आणि लोक या कर्नलला ‘सत्पुरुष’ म्हणतात हेही लिहून ठेवले.

शेतकऱ्यांना हे करायला कोणी सांगितले नव्हते. सरकारने पुतळा बसवावा आणि रयतेने मुकाट हार घालावा, असा हा प्रकार नव्हे. ज्यांच्या राज्यावर ही फौज पाळत ठेवून बसली होती, त्याच राज्यातल्या साध्या माणसांनी त्या फौजेच्या सेनापतीला आपल्या देवादिकांच्या शेजारी जागा दिली. जिंकणारा आणि हरणारा एवढ्या दोनच रकान्यांत इतिहास मांडणाऱ्यांनी या कबरीसमोर जरा थांबायला हवे.

वसाहतकालीन वारसा म्हटले की महाराष्ट्राला मुंबई आठवते. ते योग्यही आहे. वारसा वास्तूंसाठी देशातली पहिली नियमावली 1995 साली मुंबईत आली. 2018 मध्ये तिथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या यादीत गेला. पुण्याकडे डेक्कन कॉलेज आहे, आगाखान पॅलेस आहे, लष्कर भागातले रस्ते आहेत. पण पुण्याहून नगर रस्त्याने वा सोलापूर रस्त्याने बाहेर पडले की वारसा हा शब्द किल्ल्यांसाठी आणि देवळांसाठी राखून ठेवला जातो. शिरूर तालुका म्हणजे रांजणगावचा महागणपती, वढू बुद्रुकचे संभाजी महाराजांचे समाधिस्थळ, फार तर पाबळची मस्तानीची कबर. दौंड म्हणजे गाडी जिथे थांबते ते जंक्शन. इंग्रजी अमदानीतल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या दोन तालुक्यांत जे घडले, त्याने मराठी मुलखाचे राजकारण, शेतीचा कायदा, रेल्वेचे जाळे आणि स्त्रियांचे जगणे बदलले. तरी त्याला वारसा म्हणायला जीभ रेटत नाही. याचे एक कारण असे, की हा वारसा देखणा नाही. त्याला घुमट नाहीत, रंगीत काचा नाहीत. तो कबरीत, रुळांत, मातीच्या भरावात आणि कोर्टाच्या दप्तरात आहे.

शिरूरची छावणी का उभी राहिली, हे आधी नीट सांगायला हवे. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि कंपनीची तैनाती फौज पदरी घेतली. तिच्या खर्चापोटी वर्षाला 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. म्हणजे आपल्यावर नजर ठेवणाऱ्या फौजेचा पगार पेशवाई आपल्याच मुलखातून भरत होती. या फौजेने तळ निवडला तो घोडनदीच्या काठावर, पुणे आणि नगर यांच्या जवळपास मधोमध. पुण्याच्या डोळ्यांवर येऊ नये एवढे लांब आणि वेळ पडली तर धावून जाता यावे एवढे जवळ. 1817 च्या अखेरीस तशी वेळ आलीच. खडकीच्या लढाईआधी रेसिडेंट एल्फिन्स्टनने पुण्याच्या बाजूला जी कुमक बोलावली, तिच्यात शिरूरची फौजही होती.

त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री, 31 डिसेंबरला, कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरहून निघाला. बरोबर मुंबई पायदळाची साधारण 500 माणसांची पलटण, अडीचशेच्या आसपास घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा. रात्रभर चालून ही तुकडी सकाळी भीमेकाठी पोचली, तर पलीकडे पेशव्यांची फौज. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावच्या गल्लीबोळांत दिवसभर जे झाले, त्यावर एवढे लिहिले आणि बोलले गेले आहे की इथे त्याची उजळणी नको. पण ही माणसे आली कुठून आणि गेली कुठे, हे फारसे कोणी सांगत नाही. ती शिरूरहून आली आणि 3 जानेवारीला जखमींना घेऊन शिरूरलाच परतली. कोरेगाव भीमा हे गाव आजही शिरूर तालुक्यात आहे. त्या लढाईचा जयस्तंभ मात्र नदीच्या अलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत, हवेली तालुक्यात येतो. कथेचे एक टोक रोज हजारो गाड्यांच्या डोळ्यांसमोर असते, दुसरे टोक शिरूरमध्ये कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

या स्तंभाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. कंपनीने तो आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला. त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत 22 नावे महार शिपायांची आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा तीच नावे त्यांच्याच सरकारपुढे पुरावा म्हणून आली. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये भरती पुन्हा खुली व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या गौरवासाठी उभा केलेला दगड, ज्यांना माणूस म्हणून मोजले जात नव्हते त्यांनी स्वाभिमानाची खूण म्हणून हाती घेतला. 1 जानेवारी 2018 रोजी या परिसरात जो हिंसाचार झाला, त्यानंतर तर या स्मारकाचा नीट, कागदपत्रांसह सांगितलेला इतिहास गावोगावी पोचणे अधिकच निकडीचे झाले आहे. इतिहासाची जागा रिकामी ठेवली की ती अफवेने भरते.

स्टाँटनबरोबरच्या घोडेस्वारांचे पुढे काय झाले, ही गोष्ट शिरूरच्या प्रत्येक शाळकरी पोराला माहीत असायला हवी. ते 1817 साली उभारलेल्या पूना ऑक्झिलरी हॉर्सचे स्वार. ही पलटण पुढे बराच काळ शिरूरच्या छावणीत होती. तीच आजच्या भारतीय सैन्यातली पूना हॉर्स. 1965 च्या युद्धात या रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर आणि 1971 च्या युद्धात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ज्या रेजिमेंटच्या नावावर दोन परमवीर चक्रे आहेत, तिच्या पहिल्या दिवसांचे गाव शिरूर आहे. शहराच्या वेशीवर याचा एखादा फलक असायला काय हरकत आहे?

छावणीमागोमाग बाजार आला. कापड आणि धान्याचे व्यापारी आले, सावकार आले, शनिवारच्या बाजारात गुरे आणि घोडी विकायला येऊ लागली. अमेरिकन मराठी मिशनने इथे केंद्र काढले. 1868 मध्ये नगरपालिका झाली. लष्कर हलले तरी पेठ टिकली, ती या बाजारामुळे. आणि याच बाजाराशी, इथल्या सावकारीशी, तालुक्यातली सर्वांत मोठी गोष्ट बांधलेली आहे.

ती गोष्ट करड्याची. रांजणगावजवळचे हे गाव. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. यादवी संपली, भाव कोसळले आणि त्याच सुमारास इंग्रज सरकारने फेरजमाबंदी करून शेतसारा वाढवला. शेतकरी दोन्हीकडून पिचला. कर्जखतांच्या मुदतीचा नवा कायदा आणि नवी कोर्टे सावकाराच्या सोयीची होती. अंगठा उठवलेले खत कोर्टात दाखवले की हुकूमनामा मिळायचा, आणि हुकूमनामा मिळाला की जमीन व घर जायचे. 1874 च्या अखेरीस कालूराम नावाच्या सावकाराने करड्याच्या बाबासाहेब देशमुखांविरुद्ध असाच हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गाव खवळले. पण करड्याने हातात काठी घेतली नाही. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या शेतात राबायचे नाही, त्यांची हजामत करायची नाही, त्यांचे पाणी भरायचे नाही, असे ठरले. बलुतेदारापासून पाटलापर्यंत गाव एक झाले.

हे लोण आसपासच्या गावांत पसरले. 12 मे 1875 रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी आठवडी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जखते बाहेर काढून जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तसेच झाले. सरकार हादरले, चौकशी आयोग नेमला गेला, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या कायद्याने कोर्टाला कर्जाच्या कागदामागचा व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार दिला आणि फक्त पैशाच्या थकबाकीसाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची वाट बंद केली. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून हा विषय देशभरच्या बारावीच्या पोरांना शिकवला जातो. मुले सुपे पाठ करतात. करडे मागे पडते. सुप्याच्या ज्वाळांआधी करड्याचा शांत, ठाम बहिष्कार होता, आणि तो गांधीजींचा असहकार सुरू होण्याच्या पंचेचाळीस वर्षे आधीचा आहे. अशा गावात एक दगडी पाटीसुद्धा आपल्या तालुक्याच्या पुढाऱ्यांनी लावू नये, याची खंत वाटायला हवी. औद्योगिक वसाहतीमुळे रांजणगाव परिसराचे रूप झपाट्याने पालटते आहे. जमिनींचे व्यवहार पुन्हा गावाच्या तोंडी आहेत. जमीन हातची जाण्याचा अर्थ या मातीला केव्हापासून ठाऊक आहे, हे तिथल्या तरुणांना कळले तर ते फुकट जाणार नाही.

शिरूरची गोष्ट घोड्यांची आणि कर्जखतांची, तर दौंडची लोखंडाची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ पुण्याहून पुढे सरकत 1860 मध्ये सोलापूरला पोचले. भीमेकाठचे दौंड त्या मार्गावरचे एक ठाणे. त्याचे नशीब पालटले ते 1878 मध्ये, दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर. मुंबईहून फुटून एक ईशान्येला आणि एक आग्नेयेला गेलेल्या दोन मोठ्या मार्गांना जोडणारा हा दुवा. दौंड जंक्शन झाले. 1914 मध्ये बारामतीपर्यंत अरुंद रुळांची गाडी निघाली.

1878 या सालाकडे पुन्हा बघावे. 1876 ते 1878 हा दख्खनच्या भयंकर दुष्काळाचा काळ. दौंड-मनमाड मार्गाचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून भुकेल्या माणसांकडून करून घेतले गेले. त्याच काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी रोजच्या एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणून ठेवली. एवढ्यावर दिवसभर माती वाहणारा माणूस जगायचा कसा, असा प्रश्न उभा राहिला. मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने दुष्काळी भागातून माहिती गोळा करून सरकारपुढे गाऱ्हाणी मांडली. रेल्वेचा इतिहास इंजिनांच्या नावांनी आणि गव्हर्नरांच्या भाषणांनी सांगितला जातो. दौंडहून नगरकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून दिसणारा भराव ज्यांनी टोपलीटोपलीने रचला, त्यांची नावे कुठल्याही स्तंभावर नाहीत. इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली, असे सहज म्हटले जाते. दौंडपुरते तरी ते वाक्य अपुरे आहे.

रेल्वेने दौंडमध्ये एक वेगळीच वस्ती वसवली. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, पॉइंट्समन, गँगमन, खलाशी. अँग्लो-इंडियन कुटुंबे आली, गोव्याची माणसे आली, दक्षिणेतली आली, सोलापूर-नगरकडची आली. रेल्वे कॉलनी, चर्च, शाळा, मैदान आणि पाळीप्रमाणे हलणारे घड्याळ. या गावाची मराठीही मिसळीची आहे, कारण स्टेशनावर चार भाषा एकाच वेळी कामाला असतात. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीला दौंडला तोंड फिरवावे लागे. इंजिन या टोकाचे काढून त्या टोकाला लावेपर्यंत प्रवासी खाली उतरून चहा घेत, आणि दौंडच्या फलाटाचा अर्धा संसार त्या वेळेवर चाले. आता कॉर्ड लाईन झाली आहे. काही गाड्या मुख्य स्टेशनात न येताच पुढे जातात. प्रवाशांचा वेळ वाचतो, तो वाचायलाच हवा. 2024 मध्ये दौंड सोलापूर विभागातून पुणे विभागात आले, तीही स्थानिकांची जुनी मागणी होती. या बदलांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र वाफेच्या इंजिनाच्या काळात कामाला लागलेली पिढी आता थोडीच उरली आहे. तिच्याकडे जे आहे ते कुठल्याही कार्यालयाच्या फायलीत नाही. कोळसा कसा टाकायचा, धुक्यात सिग्नल कसा धरायचा, 1974 च्या देशव्यापी रेल्वे संपात घराघरांत काय झाले, हे विचारून टिपून ठेवण्याची वेळ आजची आहे.

दौंड तालुक्यातला आणखी एक ठेवा केडगावला आहे, आणि त्याची दखल महाराष्ट्राने नेहमी अवघडूनच घेतली. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात नेले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. तिथे बायका शेती करत, विणकाम करत, छापखाना चालवत. अंध मुलींना वाचायला शिकवले जाई. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा मराठी अनुवाद केला आणि तो छापण्यासाठी खिळे जुळवणारे हात याच बायकांचे होते. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई केडगावलाच वारल्या.

ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे त्यांना आपल्यातून वजा करणे सोपे झाले. पण ज्यांनी त्यांना इंग्रजांच्या बाजूला ढकलले, त्यांनी 1897 चे एक प्रकरण आठवावे. पुण्यातल्या प्लेगच्या दिवसांत सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी हेळसांड होत होती, त्यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघडपणे लिहिले आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. केडगावची वसाहत ना राज्यकर्त्यांची, ना कुठल्या संस्थानिकाची. एका मराठी विदुषीने दुष्काळातून वाचवलेल्या बायकांच्या हातांनी ती उभी केली. वसाहतकाळातल्या महाराष्ट्राची एकच जागा नातवंडांना दाखवायची असेल, तर आधी केडगावला न्यावे.

वसाहतकालीन वारशावरचा आपला वाद ठरावीक चाकोरीत फिरतो. एक बाजू म्हणते गुलामीच्या खुणा पुसा, दुसरी जुन्या बंगल्यांच्या आणि बँडच्या आठवणी काढते. शिरूर-दौंडमध्ये दोन्ही बाजूंना हाती फारसे लागत नाही. इथे पुसायला गेले तर पुसले जाईल ते 22 शिपायांचे नाव, दुष्काळी मजुरांची मेहनत, करड्याचा बहिष्कार आणि रमाबाईंचा छापखाना. आणि गोडवे गायला गेले तर मध्ये शेतसारा, हुकूमनामा आणि एक पौंडाची मजुरी आडवी येते.

तेव्हा करण्याजोगे काय आहे ते स्पष्ट सांगावे. 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा विकास आराखड्यातच ऐतिहासिक महत्त्वाच्या जागा आणि वास्तू जपण्याची तरतूद करू देतो. शिरूर आणि दौंडच्या नगरपरिषदांनी आपापल्या हद्दीतल्या शंभर वर्षांपलीकडच्या वास्तू, कबरी, पूल, विहिरी, रेल्वेच्या इमारती यांची छायाचित्रांसह यादी करावी, ती नागरिकांपुढे हरकतींसाठी ठेवावी आणि आराखड्याला जोडावी. रस्ता रुंद करताना किंवा जुने बांधकाम पाडताना ही यादी टेबलावर असली पाहिजे. यादीला मोठा खर्च येत नाही. लागतात ती शोधणारी माणसे. पुणे जिल्ह्यात इतिहासाचे, वास्तुरचनेचे आणि पुरातत्त्वाचे विद्यार्थी कमी नाहीत. याच घोडनदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून वर्षानुवर्षे उत्खनन करून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आणली. ज्या तालुक्याने ताम्रपाषाणयुगातली घरे मोजली, त्याला दोनशे वर्षांपूर्वीची छावणी मोजता येणार नाही, हे पटत नाही.

दौंडला रेल्वेने स्टेशनाच्या आवारात एक खोली द्यावी. जुने कंदील, टोकन, सिग्नलचे दांडे, कामाच्या वह्या आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ध्वनिमुद्रित आठवणी तिथे राहतील. शिरूरला वॉलेसच्या कबरीपाशी मराठीत फलक लागावा, आणि त्यावर कर्नलच्या पराक्रमाइतकीच जागा नैवेद्य आणणाऱ्या शेतकऱ्यांना मिळावी. करड्याच्या चावडीवर 1874 च्या ठरावाची गोष्ट लिहिली जावी. नगर रस्त्यावरून कोरेगावच्या स्तंभाकडे जाणारा माणूस पुढे शिरूरपर्यंत यावा आणि सोलापूर रस्त्याने जाणारा केडगावला वळावा, एवढी सोय दोन दिशादर्शक पाट्यांनी होते. हे सगळे करायला दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. रेल्वेची खोली सोडली तर बाकी कामे नगरपरिषद, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या हातातली आहेत. येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी किती रक्कम धरली, हे दोन्ही तालुक्यांच्या लोकांनी आपल्या नगरसेवकांना आणि सरपंचांना जाहीर सभेत विचारावे.